मावशीने लावलेली फीत

माझी मावशी श्वासाच्या मशीनच्या दुकानात काम करते. पुढे काचेचं दार, काउंटर आणि फळ्यांवर मांडलेले नवे मास्क. मागे एक लांबट खोली, तिला एकच खिडकी. त्या खोलीत मावशी गेली सोळा वर्षं बसते आहे. भाड्याने गेलेलं मशीन परत आलं की ते उघडायचं, पुसायचं, आतली जाळी बदलायची, मशीनच्या मेमरीत काय नोंदलं गेलंय ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं आणि पुढच्या पेशंटसाठी ते कोरं करून ठेवायचं, हे तिचं काम. मास्क मात्र पुन्हा कुणाला देत नाहीत. तो नियमाप्रमाणे टाकून द्यायचा. पण टाकण्याआधी मावशी प्रत्येक मास्क खिडकीशी नेते आणि उलटसुलट करून बघते.

मशीन दोनच कारणांनी परत येतं. माणूस बरा झाला म्हणून, नाहीतर माणूस गेला म्हणून. आणून देणाऱ्याला मावशी कधीच काही विचारत नाही. तिला मास्क बघून कळतं. बऱ्या झालेल्या माणसाचा मास्क जवळपास नवाच असतो. ज्याने तो महिनोन्महिने लावला, त्याच्या मास्कवर घरच्यांचा हात फिरलेला असतो. नाकाच्या हाडावरची कातडी सोलून निघते म्हणून कुणी आतून जुन्या मोज्याचा तुकडा शिवलेला. चष्म्याची काडी बसावी म्हणून कुणी पट्ट्याला खाच पाडलेली. एका मास्कच्या पुढच्या बारीक भोकांवर कुणीतरी चिकटपट्टी लावली होती. सोडलेला श्वास त्या भोकांतून बाहेर पडतो, आणि तो वारा शेजारी झोपणाऱ्या बायकोच्या मानेवर लागायचा, म्हणून. ते बघून मावशी हबकलीच. "अहो, हा तर त्यांचा श्वासच कोंडला की," असं ती स्वतःशीच म्हणाली आणि तिने वही उघडली.

त्या वहीत ती हे सगळं लिहायची, शेजारी चित्र काढून. दर तीन महिन्यांनी कंपनीचा इंजिनियर यायचा. तो इतका उंच की मागच्या खोलीत शिरताना त्याला मान वाकवावी लागे, म्हणून मावशीने त्याचं नाव 'खांब' ठेवलं होतं. पहिल्यांदा त्याने वही उभ्याउभ्याच चाळली. दुसऱ्या खेपेला स्टूल ओढून बसला. पुढे वर्षभराने जे नवे मास्क आले, त्यांची नाकावरची कड रुंद आणि मऊ झाली होती, आणि श्वास सोडायची भोकं वरच्या बाजूला वळवलेली होती. मावशीचं नाव अर्थातच कुठे नव्हतं. तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. "कातडी सोलायची थांबली ना? मग झालं," म्हणाली.

या नोकरीआधी ती बॅगांच्या कारखान्यात पट्टे शिवायची. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मापाचं मिळालं नाही." आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून तिची खोली होती आणि संध्याकाळी ती हमखास आमच्याकडे असायची. ती आणि आई बोलायला लागल्या की बाबा पेपर घेऊन गॅलरीत जायचे.

आई बसस्थानकावर घोषणा करायची. गाडी कुठली, फलाट कुठला, किती मिनिटं उशीर. सगळ्या गावाने तिचा आवाज ऐकला होता आणि तिचा चेहरा क्वचितच कुणी पाहिला होता. घरातही तिला ती सवय लागली होती. "जेवण तयार आहे. प्रवाशांनी आपापली ताटं घेऊन स्थानापन्न व्हावं. जिन्यातल्या प्रवासी मुलीने चपला जागेवर ठेवाव्यात." मी लहान असताना मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया अशा बोलतात.

मी सतरा वर्षांची असताना आईच्या हातातून कप पडायला लागले. मग पेन धरता येईना. सहा महिने तपासण्यांत गेले आणि मग कळलं की तिला स्नायूंचा तो आजार झालाय, ज्यात अंगातला एकेक स्नायू काम सोडत जातो आणि शेवटी छातीचे जातात. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. वर्षभराने श्वासाचं मशीन घरी आलं. मावशीनेच ते आणलं आणि पलंगाशेजारी लावून दिलं. मास्क कसा बसवायचा हे बाबांना शिकवताना तिचा आवाज दुकानातल्यासारखा कोरडा होता. सगळं झाल्यावर ती मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

मास्कने आईचं नाक आणि तोंड दोन्ही झाकलं जायचं. आत ती बोलली तर नुसता घुमल्यासारखा आवाज यायचा. सुरुवातीला दिवसातून काही तास, मग जवळजवळ पूर्ण वेळ. काढून ठेवला तर पंधरा-वीस मिनिटं निभायची, पुढे तिला गुंगी येऊ लागे. तेवढ्या वेळात ती सगळं बोलून घ्यायची. पण काढायला कुणीतरी लागायचं. तिच्या बोटांना पट्ट्याची क्लिप दाबता येत नव्हती.

एकदा बाबा अंघोळीला गेले असताना तिला मास्कमध्येच उलटी झाली. ती पलंगाच्या लोखंडी दांडीवर मनगट आपटत राहिली. तो आवाज ऐकून बाबा तसेच धावत आले म्हणून वाचली. संध्याकाळी मावशी आल्यावर आईने मास्क काढायला लावला आणि म्हणाली, "धाकटे, आता हे तुझं काम. मला माझ्या हाताने हा काढता आला पाहिजे. बाकी काही मागत नाही."

मावशीने त्याच दिवशी तिचा हात तपासला. बोटं गेली होती, पण उजवा अंगठा अजून वाकायचा आणि कोपर खाली ओढता यायचं. तेवढ्या भांडवलावर तिने काम सुरू केलं. आधी तिने पट्ट्याला चिकटणारी पट्टी लावली. ती आईने कूस बदलली की आपोआप सुटायची. मग बटणाचं काज करून बघितलं, ते सुटायचंच नाही. शेवटी क्लिपच्या खोबणीतून तिने एक रुंद फीत ओवली आणि तिला अंगठा जाईल एवढा फास ठेवला. फीत आडवी कितीही ताणली तरी क्लिप हलायची नाही. सरळ खाली ओढली की एका बाजूचे दोन्ही पट्टे एकदम सुटायचे. तिसऱ्या आठवड्यातली ही गोष्ट. आम्ही सगळे पलंगाभोवती उभे होतो. आईने अंगठा फाशात घातला, कोपर खाली नेलं. मास्क गालावरून घसरून खांद्यावर पडला.

आईने दोन श्वास घेतले आणि बसस्थानकाच्या आवाजात म्हणाली, "खोळंबलेली गाडी फलाटावर येत आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व."

बाबा हसता हसता तोंड फिरवून उभे राहिले. मावशी फितीची शिवण पुन्हा तपासत होती.

त्यानंतर आई दिवसातून वीस वेळा मास्क काढायची. भाजीत मीठ कमी आहे हे सांगायला, माझे केस कसे दिसतायत हे सांगायला, शेजारणीच्या सुनेची चौकशी करायला. बोलून झालं की आमच्यापैकी कुणीतरी मास्क परत लावायचं. पण मशीनला मास्क निघाल्याचा अलार्म होता. मास्क निघाला की अर्ध्या मिनिटात तो किंचाळायला लागायचा. दिवसातून वीस वेळा. माझी परीक्षा जवळ आली होती. एका मंगळवारी दुपारी, आई मला काहीतरी सांगत असताना तो तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा मी मशीनची बटणं दाबत दाबत त्याच्या सेटिंगमध्ये शिरले आणि तो अलार्म बंद करून टाकला. आईने ते पाहिलं. "बरं झालं, मेल्याची कटकट गेली," म्हणाली. परीक्षा झाली की लावू, असं माझ्या मनात होतं. बाबांना सांगायचं राहिलं. मावशीलाही.

गुरुवारी बाबा रजा वाढवायच्या अर्जावर सही करायला कचेरीत गेले. मी आईच्या खोलीत बसायचं ठरलं होतं. जेवण झाल्यावर तिचा डोळा लागला. दोनच्या सुमारास मैत्रिणीचा फोन आला. आईची झोपमोड नको म्हणून मी गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं. कशाबद्दल बोललो ते मला चांगलं आठवतं, आणि ते सांगण्यासारखं काहीही नाही. एक तास बोललो.

मी आत आले तेव्हा मास्क आईच्या खांद्यावर होता. मशीन चालू होतं. मास्कमधून वारा सुटत होता आणि त्या वाऱ्याने चादरीचं टोक हलत होतं. तिचा अंगठा अजून फितीतच होता.

मी तिला हाका मारल्या. मास्क परत लावला. छाती मशीनच्या वाऱ्याने वरखाली होत होती, म्हणून मला क्षणभर वाटलं की झालं, आली परत. मग कळलं. आणि मग मी जे केलं ते मी पुढे सहा वर्षं कुणाला सांगितलं नाही. बाबांना फोन करायच्या आधी, शेजाऱ्यांना बोलवायच्या आधी, मी मशीनची बटणं दाबून अलार्म परत चालू केला.

मावशी दुकानातून आली तेव्हा तिचे हात साबणाचे होते. बाबा पलंगाच्या पायथ्याशी बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "काढायची सोय केलीस. घालायची कोण करणार होतं?"

मावशी पलंगाशी जाऊन उभी राहिली.

"तिला तो काढता आला नसता तर आज ती असती. तुझ्या हाताने गेली ती."

मी दाराशी उभी होते. दोन पावलं पुढे होऊन तोंड उघडायचं, एवढंच होतं. मावशीने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग आईच्या अंगठ्यातून फीत सोडवली आणि हात नीट छातीवर ठेवला. तिसऱ्या दिवशी बाबा स्वतः मशीन घेऊन दुकानात गेले, काउंटरवर ठेवलं आणि मागच्या खोलीकडे न बघता परत आले. मावशीचं आमच्याकडे येणं संपलं.

फीत मात्र पुढे गेली. खांब पुढच्या खेपेला आला तेव्हा त्याने ती वहीतल्या चित्रात पाहिली आणि विचारलं, "हे कुणी सुचवलं?" मावशी म्हणाली, "एका पेशंटने." तिने त्याला हेही सांगितलं की तो पेशंट गेला, आणि कसा गेला. खांबाने ते चित्र पुन्हा जवळून बघितलं. मग म्हणाला, "पण उलटी झाली तर ही लागणारच. आम्ही कितीतरी वर्षं यावर अडलोय." दोन वर्षांनी तशी फीत असलेले मास्क दुकानात आले. एक म्हातारे गृहस्थ मुलाला घेऊन आभार मानायला आले होते. जेवल्यावर उलटी झाली, घरात कुणी नव्हतं, फीत ओढली म्हणून वाचलो म्हणाले. काउंटरवरच्या माणसाने हौसेने मावशीला पुढे बोलावलं. तिने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि फक्त एवढंच विचारलं, "मग परत कसा घातलात?" ते म्हणाले, "मुलगा आला संध्याकाळी, त्याने घातला."

हे मला त्या काउंटरवरच्या माणसाकडून कळलं. मावशीला मी चोरून भेटायचे, वर्षातून दोन-तीनदा, तेही बाहेर कुठेतरी. ती माझ्या नोकरीचं विचारायची, बाबांच्या गुडघ्याचं विचारायची. घरी ये असं मी कधी म्हटलं नाही आणि तिनेही कधी अपेक्षा दाखवली नाही.

सहाव्या वर्षी एका शनिवारी मी सरळ दुकानात गेले. मागच्या खोलीत ती वाकून काहीतरी करत होती. समोर लाकडाचं एक डोकं होतं, टोप्या ठेवायचं असतं तसं, आणि त्यावर मास्क. त्याच्या एका बाजूला पट्ट्याऐवजी तिने वाकणारी पण ताठ राहणारी पट्टी बसवली होती. फीत ओढली की मास्क गळून न पडता दारासारखा बाजूला व्हायचा आणि गालाशीच राहायचा.

"मनगटाने ढकलला की परत बसला पाहिजे," ती म्हणाली. "बसतो. पण नाकाच्या बाजूने वारा सुटतो. पाच वर्षं झाली, ते एक जमत नाहीये."

मी स्टुलावर बसले आणि सांगून टाकलं. अलार्म मी बंद केला होता. मंगळवारी. परत चालू मी केला. आधी ते केलं, मग बाबांना फोन.

ती मास्कच्या पट्ट्या सरळ करत राहिली. मग म्हणाली, "माहीत आहे मला."

मला काही समजेना.

"मशीन माझ्याकडेच आलं होतं ना. मेमरीत सगळं असतं. अलार्म बंद, मंगळवार, चार वाजून दहा मिनिटं. अलार्म चालू, गुरुवार, तीन वाजून सव्वीस." तिला आकडे पाठ होते. "भावोजींना फोन गेला साडेतीनला. घरात तू एकटी होतीस."

"मग तू बाबांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तू एकोणीस वर्षांची होतीस. भावोजींना मेव्हणीवाचून चालेल, मुलीवाचून कसं चालेल?"

"तुला माझा राग नाही आला?"

"आला की. दोन महिने तुझं तोंड बघवत नव्हतं मला. भावोजींनी माझं येणं बंद केलं ते तेव्हा बरंच वाटलं." तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "मग उतरला. फीत तर मीच लावली होती ना. तिला काढता येईल एवढंच बघितलं मी. घालता येणार नाही हे मला दिसायला हवं होतं. तेच तर माझं काम."

मी रडायला लागले. तिने मला जवळ घेतलं नाही, पण तोंड पुसायला कपडा दिला. आणि निघताना बजावलं, "भावोजींना सांगू नकोस. आता काही उपयोग नाही त्याचा."

मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. बाबा बुटांना पॉलिश करत होते. मी बोलत असताना त्यांचा ब्रश चालूच होता, एकाच बुटावर. माझं संपल्यावरही चालू राहिला.

"तिला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून."

"आणि मी तिला म्हटलं ते तिने ऐकून घेतलं."

 त्यांनी बूट खाली ठेवले आणि दिवसभर ते घरात एका जागी बसले नाहीत.

सोमवारी ते अर्ध्या दिवसाची रजा घेऊन दुकानात गेले. मीही मागून गेले. मागच्या खोलीच्या दारात ते थांबले. मावशी उठून उभी राहिली आणि ओले हात साडीला पुसत राहिली. सहा वर्षांत दोघंही बरेच म्हातारे झाले होते.

"बसा ना, भावोजी," ती म्हणाली.

ते बसले. माफी वगैरे काही त्यांनी मागितली नाही, त्यांना ते शब्द कधी जमलेच नाहीत. त्यांनी विचारलं, "मशीनमध्ये सगळं असतं म्हणे. त्या दिवसाचं आहे तुझ्याकडे?"

मशीन तिने केव्हाच कोरं करून दुसऱ्या पेशंटला दिलं होतं, पण तो कागद काढून ठेवला होता. तिने कपाटातून फाईल काढली आणि त्यांच्यासमोर धरली. एका रेषेवर बोट ठेवलं.

"हे तिचे श्वास. मिनिटाला अठरा. नीट आहेत. इथपर्यंत, दोन वाजून एकोणीस मिनिटांपर्यंत."

"आणि मग?"

"मग मास्क निघाला. इथून पुढे मशीन नुसतं वारा सोडतंय."

"तिला त्रास झाला का?"

"डॉक्टर म्हणाले होते, गुंगी येते. झोप लागल्यासारखं होतं."

"ते डॉक्टर म्हणाले. यात काय आहे?"

"यात काही नाही, भावोजी. मास्क काढल्यावर माणसाचं मशीनला काही कळत नाही."

बाबा त्या कागदाकडे बघत राहिले. "तिने मुद्दाम काढला असेल का?"

"दिवसातून वीस वेळा काढायची ती. बोलायला."

"कुणाशी? घरात तर..." ते बोलता बोलता थांबले. मी दाराशीच उभी होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण मी इतकी वर्षं ज्या उत्तराला भीत होते ते मला मिळालं होतं. आई हाक मारत असणार. मी गॅलरीत होते आणि दार ओढलेलं होतं.

बाबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "राहू दे माझ्याकडे?" असं विचारलं. मावशी म्हणाली, "तुमचाच आहे."

परत येताना बस अर्धी रिकामी होती. बाबा माझ्या पुढच्या सीटवर बसले, खिडकीकडे तोंड करून.

आता मावशी रविवारी आमच्याकडे येते. बाबा तिला पेपरातलं काहीबाही वाचून दाखवतात. तिच्या मास्कची वाकणारी पट्टी खांब घेऊन गेला आहे. नाकाच्या बाजूचा वारा अजून थांबलेला नाही. माझ्याशी बाबा बोलतात, नाही असं नाही. दूध आणलंस का, चावी कुठे आहे, उद्या उशीर होईल का. मी त्यांच्या खोलीत गेले की ते काहीतरी शोधायला उठतात. मावशीच्या हे लक्षात आलंय. मागच्या रविवारी भांडी घासताना ती मला म्हणाली, "दे त्यांना वेळ. माझा राग दोन महिन्यांत उतरला, पण मी बहीण होते. ते नवरा आहेत."

मी मान हलवली आणि तिच्या हातातलं ताट विसळायला घेतलं.